सायाळबाईंची शाल

एका जंगलात, मुलांनो, खरंच जंगल होतं. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढे त्याचं संवर्धनक्षेत्र झालं.

तिथे सायाळबाई राहायच्या. त्यांच्या लेकीचं, चिंगीचं, लग्न ठरलं होतं. आता सायाळांची एक रीत आहे. लग्नाच्या दिवशी नवरीच्या आईनं बिळाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा. चौकात सारं जंगल यायचं, झाडं, पाखरं, नाचणारी सायाळं. त्याच्यासमोर लग्न लागायचं आणि मग आईनंच तो ओल्या हातानं पुसायचा. पुसला की लग्न पुरं, पोर सासरची. पुसला नाही, तर ती धड इकडची नाही, धड तिकडची नाही.

सायाळबाईंनी पहाटेच उठून घरात जपून ठेवलेली बाहव्याची काडी चावली, तिचा कुंचला केला आणि चौक काढला. तो असा उतरला, की त्यांना स्वतःलाच भरून आलं.

तेवढ्यात जंबुकराव कोल्हे आले. हे शहरातल्या प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यात राहून आले होते, म्हणून वाघोबा महाराजांनी त्यांना संवर्धनाचे तज्ज्ञ म्हणून नेमलं होतं. देशी झाडं आणि देशी कला यांचं प्रदर्शन त्यांना भरवायचं होतं. झाडांचं काम उरकलं होतं. जंगलातली देशी झाडं उपटून कुंड्यांत लावली होती, भोवती दोरी बांधली होती आणि पाटी ठोकली होती, 'हात लावू नये. तोंड लावू नये.' हरणं दोरीबाहेर उभी राहून आपल्या कालच्या जेवणाकडे बघत होती.

"बाई, हा ठेवा आहे," जंबुकराव म्हणाले.

"चौक आहे," सायाळबाई म्हणाल्या. "आज पोरीचं लग्न आहे. लागलं की पुसायचाय."

"पुसायचा?" जंबुकरावांनी छातीवर पंजा ठेवला. "ठेवा कुणी पुसतं होय?"

जंबुकरावांच्या हुकमानं माकडांनी भिंत कापून प्रदर्शनात नेली. बीळ अर्धं ढासळलं. म्हणून सायाळबाईंचा जाहीर सत्कार करण्यात आला. नारळ दिला, शाल पांघरली. शाल काट्यांत अशी रुतली, की ती कुणाला काढता येईना. टाळ्या मात्र भरपूर पडल्या.

"दुसरा चौक काढा की," नवऱ्या मुलाची आई म्हणाली. पण कशावर काढणार? आणि पहाटेचा कुंचला ढासळलेल्या बिळात गाडला गेला होता, बाहवा कुंडीत होता, कुंडी दोरीत होती.

"एवढंच ना?" जंबुकराव म्हणाले. "लग्न प्रदर्शनातच लावा. लोकांनाही बघायला मिळेल."

लग्न लागलं. अक्षता पडल्या. सायाळबाई हात ओला करून चौकाकडे निघाल्या, तर जंबुकराव आडवे आले.

"बाई, पाटी वाचली नाही का?"

"पुसल्याशिवाय मी सून घरात घ्यायची नाही," नवऱ्याची आई म्हणाली.

"मग राहू द्या इथंच," जंबुकराव म्हणाले आणि त्यांनी आणखी एक पाटी लावली, 'देशी वधू-वर. खायला घालू नये.'

चिंगी मुंडावळ्या बांधून नवऱ्याशेजारी दोरीच्या आत बसून राहिली. प्रेक्षक शेंगा सोलत होते आणि यातली नवरी कोणती यावर वाद घालत होते.

"आई, मला घरी जायचंय," चिंगी म्हणाली. कुठल्या घरी, ते तिलाही सांगता येईना.

सायाळबाई उठल्या. कुंड्यांसाठी भरून ठेवलेल्या पाण्याच्या घमेल्यात शालीसकट बसल्या. मग काटे फुलवून, पाठमोऱ्या होऊन भिंतीकडे निघाल्या. चिडलेली सायाळ उलटी चालून येते, हे जंबुकरावांना पिंजऱ्यात कुणी शिकवलं नव्हतं. ते आयत्या वेळी बाजूला झाले.

"अहो बाई, ती सत्काराची शाल आहे," ते लांबूनच म्हणाले.

सायाळबाईंनी इकडून तिकडून पाठ घासली. झाडं गेली, पाखरं गेली, नाचणारी सायाळंही गेली. चिंगी उठली, आईच्या पाया पडली, रडली आणि सासरी गेली.

जंबुकराव काही डगमगले नाहीत. त्यांनी कोऱ्या भिंतीखाली पाटी लावली, 'देशी कला. पूर्णपणे संवर्धित.' आता लांबलांबून तज्ज्ञ येतात आणि भिंतीसमोर माना डोलावतात. हरणंही येतात, पण ती कुंड्यांकडे बघतात.

तात्पर्य : सत्काराची शाल कधी नाकारू नये. ओली केली, की चांगली पुसते.