बागेत झुलणारा डोमाजी

आमच्या सौंसरच्या संत्र्याच्या बागेत डोमाजी रोज दुपारी चारला कमरेला घोंगडीचा तुकडा बांधून नाचतो. गळ्यात अडकवलेला तेलाचा पिपा स्वतःच बडवतो, स्वतःच कंबर हलवतो. डोक्यावर भरला पेला ठेवला तरी थेंब सांडणार नाही. "वरचा माणूस झोपला पाहिजे भाऊ," तो सांगतो, "खालचा जागा!"

डोमाजी कापसाच्या जिनिंगचा फिटर. मशीन बसवायला युगांडात गेला, सहा वर्षं राहिला आणि तिथल्या बागांडा लोकांचा बाकिसिंबा घेऊन आला. हा मुळात बायांचा नाच, पुरुषांनी नुसता ढोल वाजवायचा.

"मंग तू काहून नाचून राहिला?" लोक विचारतात.

"सौंसरात बाई कुठून आणू? तुमी नाचता काय?"

थंडी सरताना, अंब्या बहारात बाग फुलांनी पांढरी होते. त्या वासात, मधमाश्यांच्या गुणगुणीत तो डोळे मिटून झुलू लागला की पाहणाऱ्यालाही पेंग येते. पहिल्यांदा बांधावरून पाहिलं तेव्हा मला वाटलं, हा प्यालाय. चहाच्या टपरीवर तसं बोलून गेलो. आठवड्यात बोलणं पांढुर्ण्याला, त्याच्या जिनिंगच्या मालकापर्यंत पोचलं. पिणाऱ्याला मशीनजवळ कोण उभं करणार? त्याचं काम सुटलं.

मग त्यानंच मला नाचाचा अर्थ सांगितला. "त्यांचा राजा केळाची दारू प्याला अन् खुशीत म्हणाला, ज्यानं केळी लावल्या त्यानंच हिले गोडी आणली. मोठेपणा राजाचा नाई, लावणाऱ्याचा. म्हणून लग्नात, दरबारात हा नाच पाहिजेच. झुलणं राजाचं हाय, भाऊ. मी तं चहाबी फिकाच पेतो."

मी हसलो. टपरीवर जाऊन चूक मात्र सांगितली नाही. सांगितली असती, तर झुलण्याचा अर्थही सांगावा लागला असता आणि लावणाऱ्याची गोष्ट निघाली असती. ही बाग मी माझ्या हातानं लावली, असं मी चारचौघांत सांगत आलो होतो. विहिरीकडची पहिली रांग खरं तर डोमाजीच्या दिवंगत आईनं, पंचफुलाबाईनं लावली. पहिल्या उन्हाळ्यात डोक्यावर घागरी वाहून कलमं तिनंच जगवली. मी छत्री धरून उभा होतो.

अकरा वर्षं गप्प राहिलो. यंदा टपरीवर उभं राहून सगळं सांगितलं. डोमाजी कधी प्याला नाही, बागेची पहिली रांग माझी नाही, पंचफुलाबाईनं लावलेली.

"आता सांगून राहिले, भाऊ? म्हातारपणी?" कोणीतरी म्हणालं.

तसाच बागेत गेलो. डोमाजी विहिरीकडच्या त्याच रांगेसमोर झुलत होता. टपरीवर काय बोललो ते सांगितलं. त्याची कंबर थांबली नाही.

"तेव्हाच भांडला का नाहीस माझ्याशी?"

"भांडलो असतो तं तुमी बागेचं फाटक लावलं असतं, भाऊ," तो डोळे न उघडता म्हणाला. "मंग मायसमोर कुठं नाचलो असतो?"