दत्तक इंजिनाचं सुतक

हजार सीसीचं थोरलं इंजिन सोमवारी संध्याकाळी मिरजेत वारलं आणि त्या घराण्यातल्या सगळ्या गाड्यांना दहा दिवसांचं सुतक लागलं.

विष्णुदास तेंडोलकरांना ते मंगळवारी सकाळी कळलं. त्यांनी चावी फिरवली, तर गाडी हूं की चूं करेना. गॅरेजवाल्या हनीफ मुजावरनं बॉनेट उघडून आत कान लावला आणि डोक्यावरची टोपी काढली.

"काका, घरात कुणीतरी गेलंय. आता अकराव्या दिवशीच."

तेंडोलकरांनी बोटांवर दिवस मोजले. गुरुवारी पत्नी शालनताईंचं डायलिसिस होतं, घाटाखाली, चाळीस किलोमीटरवर. घाटातला पूल अवजड वाहनांना बंद असल्यानं एसटी येत नव्हती. गावातल्या बाकीच्या गाड्या याच घराण्यातल्या. कुणी बाराशे सीसीची सख्खी, कुणी डिझेलवाली चुलत. रुग्णवाहिकासुद्धा नात्यातलीच निघाली.

संध्याकाळपर्यंत शालनताईंचे पाय सुजले. "एवढं काही नाही हो," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा पेला दोन घोटांवर खाली ठेवला.

बुधवारी कचेरी उघडायच्या आधीच तेंडोलकर इंजिन कुलनोंदणीच्या खिडकीशी उभे होते. इंजिनाच्या ब्लॉकवरचा नंबर त्यांनी तळहातावर लिहून आणला होता. घामानं शेवटचा आकडा पुसट झाला होता.

"तीन की आठ?" खिडकीमागच्या ताम्हणकरबाईंनी विचारलं.

"आठ. नाही, थांबा... तीन. तीनच."

बाई बराच वेळ रजिस्टरावरून बोट फिरवत राहिल्या. तेंडोलकर त्या बोटाकडे बघत राहिले.

"तेराशे सीसी. जन्म याच घराण्यातला, पण ब्लॉक ओतल्या ओतल्या दुसऱ्या कारखान्याला दत्तक दिलेलं. दत्तकाला जन्मघराण्याचं सुतक तीनच दिवस. उद्या सकाळी मोकळं."

तेंडोलकरांनी हात जोडले.

"दाखला इंजिनाला वाचून दाखवावा लागेल, त्याशिवाय लागू होत नाही," बाई शिक्का मारत म्हणाल्या. "दत्तक असल्याचं माहीत आहे ना त्याला?"

"मलाच आत्ता कळतंय."

"मग जरा बेतानं सांगा."

ते सांगायचं कसं, याच विचारात तेंडोलकरांचा दिवस गेला. पोरीचं स्थळ सुचवताना बोलावं तसं चारचौघांत ते या इंजिनाबद्दल बोलत आले होते, 'अस्सल घराण्यातलं' म्हणून.

गुरुवारी सकाळी सात वाजता शालनताई मागच्या सीटवर टेकून बसल्या. त्यांना धाप लागत होती. हनीफनं बॉनेट उघडून धरलं. तेंडोलकरांनी दाखला एका दमात वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. आत काहीच हललं नाही.

"जन्म कुठलाही असो," शालनताई खिडकीतून म्हणाल्या, "सव्वीस वर्षं आमच्याच दारात आहेस."

तेंडोलकरांनी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं, पण अडखळत, सगळी गाडी हादरवत.

हनीफनं कान लावला. "तीन सिलिंडर चालू आहेत, काका. चौथं अजून सुतकात आहे."

"पण हा दाखला?"

"चौथ्याला मान्य नाही तो. जा तुम्ही, तिघं नेतील उतारानं. घाई करू नका."

डायलिसिसची वेळ साडेनऊची होती; ते नऊ वाजून वीस मिनिटांनी पोचले. चौथं सिलिंडर अकराव्या दिवशी, तेल बदलल्यावर, कुणाशी काही न बोलता कामावर आलं.