मशीनवर सासरे

लोकांकडून उत्तरं कशी काढायची, हे मला कोणी शिकवू नये. माणसाला मदत कर म्हटलं की तो इकडेतिकडे बघतो. पण त्याच्यासमोर काहीतरी चुकीचं बोला, भरल्या ताटावरून उठून दुरुस्त करायला येतो!

हा सिद्धांत मला आमच्या ऑफिसने सुचवला. ऑफिस म्हणजे एक वेबसाइट. घरातल्या यंत्रांबद्दल लोक प्रश्न विचारतात आणि लोकच उत्तरं देतात. म्हणजे द्यायला हवीत. प्रत्यक्षात प्रश्नांखाली निवडणूक हरलेल्या पुढाऱ्याच्या अंगणासारखी शांतता असायची. शेवटी मॅडम म्हणाल्या, "या महिन्यात सभासद वाढले नाहीत, तर कुलूप लावू."

घरी तर याहून अवघड. सासरे दर भेटीत विचारायचे, "जावईबापू, तुम्ही तिथे नक्की करता काय?" मला एकदाही धड सांगता आलं नाही. माझी नोकरी गेली असती तरी त्यांना फरक कळला नसता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

तर मी एका टोपणनावाने प्रश्न टाकला, "कपडे पिळताना वॉशिंग मशीन घरभर चालत जातं. उपाय सांगा." दुसऱ्या टोपणनावाने उत्तर दिलं, "वर एक वजनदार माणूस बसवावा." आणि जाणकार तुटून पडायची वाट बघत बसलो.

कोणी तुटून पडलं नाही. एकाने विचारलं, "माणूस साधारण किती किलोचा?" दुसऱ्याने लिहिलं, "आम्ही आत्याला बसवतो. उत्तम गुण आला." तिसऱ्याने "आत्या नसल्यास काय करावे?" असा स्वतंत्र प्रश्नच काढला. त्या उत्तराला पसंतीचे इतके अंगठे पडले, की मॅडमनी सगळ्या ऑफिसला चहा पाजला.

मला मात्र तो चहा गोड लागेना. कुणाची आत्या खरंच पडली तर? मी तिसरं नाव घेऊन खरं उत्तर लिहिलं, "मशीनचे चारही पाय नीट टेकत नसतात. पायांचे स्क्रू फिरवून ते डुगडुगणार नाही असं करा." झालं! सगळे माझ्यावर धावून आले. "आज आलात आणि आज शिकवताय?" "मग आमची आत्या खोटी का?" खरं उत्तर नापसंतीच्या ओझ्याने पार तळाला गेलं.

घरी आलो तर बाथरूममधून गडगडाट ऐकू आला. मशीनवर सासरे बसले होते. एका हाताने भिंतीतला नळ घट्ट धरलेला, चष्मा नाकावर नाचतोय. शेजारी बायको कौतुकाने बघत उभी.

"या-या, जा-जावईबापू," सासरे म्हणाले. "तु-तुमच्या साइटवरचं उत्तर. सग-सगळ्यात वरचं! खाली कोणी दी-दीडशहाणा स्क्रू फिरवा म्हणत होता. त्याला मी ना-नापसंती ठोकली."

"बाबा, आधी उतरा."

"का? ह-हललंय का मशीन? आज कळलं मला, तुम्ही काय का-काम करता ते. लोकांच्या उपयोगी पडता."

लग्नानंतर प्रथमच त्यांनी माझं कौतुक केलं होतं, तेही हादरे खात. गप्प बसायचा मोह झाला. फार झाला. पण तेवढ्यात मशीनने उसळी मारली, नळ उपटून सासऱ्यांच्या हातात आला आणि पाण्याची धार थेट बायकोच्या तोंडावर. मी धावत जाऊन मशीन बंद केलं, पाणी बंद केलं, सासऱ्यांना उतरवलं.

"बाबा, ते उत्तर चुकीचं आहे. मीच लिहिलंय. आणि तो दीडशहाणाही मीच."

बायकोने टॉवेल तोंडावर धरला, तो पुसायला की हसू लपवायला, मला कळलं नाही. सासरे हातातल्या नळाकडे बघत राहिले. आता तो माझ्या डोक्यात बसणार असं मला वाटलं.

"घरात पाना आहे?" त्यांनी विचारलं.

मग आम्ही दोघं ओल्या फरशीवर पालथे पडलो. त्यांनी टॉर्च धरला, मी स्क्रू फिरवले. मशीन पुन्हा पिळायला लावलं. जागचं हललं नाही.

"म्हणजे बरोबर उत्तर येत होतं तुम्हाला," सासरे म्हणाले. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

"येत होतं, पण कोणी वाचत नाही हो."

"मी वाचायला लावतो."

त्यांनी फोन पुसला आणि पहिल्या उत्तराखाली लिहिलं, "हे चुकीचे आहे. स्क्रूवाले बरोबर आहे. खात्रीने सांगतो, कारण दोन्ही लिहिणारा माझा जावई आहे आणि मी आत्ताच मशीनवरून उतरलो आहे."

आमच्या साइटवर इतकी गर्दी आजवर झाली नव्हती. नवे सभासद येताहेत, एकमेकांची उत्तरं तपासताहेत, आत्या सुखरूप उतरल्याचंही कळलं. कुलूप टळलं म्हणून मॅडमनी जाहीर सत्कार ठेवलाय. सासऱ्यांचा. खुर्च्या मी मांडायच्या आहेत.