सर्वांच्या स्वागताची गोधडी

करंजखेडच्या चर्चसाठी शिवून घेतलेली स्वागताची गोधडी पहिल्याच रविवारी दारातून बोलू लागली, तेव्हा कमिटीने समाधान व्यक्त केलं, कारण ती त्यासाठीच शिवून घेतली होती.

प्रत्येक घराने एक जुनं कापड दिलं होतं. मार्थाबाई उमाप यांनी ते तुकडे जोडून भिंतभर गोधडी केली आणि दाराशी टांगली. "या, बसा. घरचे बरे आहेत ना?" असं ती प्रत्येकाला विचारायची. आवाज थोडा घोगरा होता, पण बाकी तक्रार नव्हती.

दुसऱ्या रविवारी तिने रस्त्याने जाणाऱ्या भंगारवाल्याला आत बोलावलं. तो हातगाडी लावून आला आणि उपदेश संपेपर्यंत बसला. मग, चर्चच्या कंपाउंडवरून ज्या गटाशी कोर्टात दावा चालू होता, त्या गटाचे सेक्रेटरी आले. गोधडीने त्यांना पंख्याखालची जागा सुचवली.

तिसऱ्या रविवारी रिबका आली. रिबका ही कमिटीचे अध्यक्ष एलीशा भांबळ यांची मुलगी. समाजाबाहेर लग्न केलं म्हणून तिला सभासदांतून काढलं होतं, आणि तो ठराव खुद्द एलीशाकाकांनी मांडला होता. तेव्हापासून ती फाटकापर्यंत यायची आणि गाणी ऐकून परत जायची.

"अगं रिबका, ये ना," गोधडी म्हणाली. "किती वाळलीस!"

रिबका शेवटच्या बाकावर जाऊन बसली आणि पहिलं गीत सुरू होण्याआधीच रडू लागली. एलीशाकाका समोर बघत राहिले.

संध्याकाळी कमिटी बसली. गोधडीला दोघांनी उचलून आणलं.

"सर्वांचं स्वागत म्हणजे आपल्या सर्वांचं," एलीशाकाका म्हणाले.

"शिवताना असं कुणी बोललं नाही," गोधडी म्हणाली.

"मग आता बोलतोय."

"आता टाके पडले."

सगळ्यांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांची बदली जवळ आली होती. "गोधडीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे," ते म्हणाले, "आणि कमिटीचं नियमाला."

शेवटी मार्थाबाईंना विचारण्यात आलं. "तिला नाही म्हणायला शिकवायचं तर तुकडा उसवावा लागेल," त्या म्हणाल्या. "ज्याला अडवायचं त्याच्या घरचा. एलीशाभाऊ, एकदा विचार करा."

"केलाय. उसवा."

गोधडीने अडवलेल्याने आत यायचं नाही, असाही ठराव झाला. त्यावर पहिली सही एलीशाकाकांची होती. मार्थाबाईंनी पिवळ्या छिटाचा एक तुकडा काढला. गोधडी दोनदा "हळू" म्हणाली.

पुढच्या रविवारी रिबका आली, तेव्हा गोधडी म्हणाली, "आपली ओळख नाही." रिबका पायरीवर बसली. मागोमाग एलीशाकाका इस्त्रीचा कोट घालून आले.

"आपण कोण?" गोधडीने विचारलं.

"मी अध्यक्ष."

"असाल. पण तुमच्या घरचं माझ्यात काहीच उरलं नाही."

मार्थाबाई दारात आल्या. "तुमच्या घरून एकच कापड आलं होतं, एलीशाभाऊ. रिबकाचा लहानपणीचा फ्रॉक. तुम्हीच ट्रंकेतून काढून दिलात."

"तुम्ही मऊ कापड मागितलं होतं," एलीशाकाका म्हणाले. "तेवढंच मऊ होतं."

उपाध्यक्षांनी, अर्ज दिल्यास पुढच्या बैठकीत घेऊ, असं सांगितलं आणि दार लोटून घेतलं. ढकलून आत जाता आलं असतं, पण ठराव होता. एलीशाकाका पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले. आत गाणं सुरू झालं. रिबका हळू आवाजात गाऊ लागली. दुसऱ्या कडव्याला एलीशाकाकांनी खालचा सूर धरला.

ऊन चढलं.

"बाबा, इकडे सावली आहे."

"ठीक आहे मी."

थोड्या वेळाने ते सरकले.

"काय करतात ते?" त्यांनी विचारलं. जावयाबद्दल त्यांनी आजवर विचारलं नव्हतं.

"बेकरी आहे. पाव, नानकटाई."

"पुढच्या रविवारी घेऊन ये."

"नानकटाई, की त्यांना?"

"दोन्ही," एलीशाकाका म्हणाले, आणि आत प्रार्थना सुरू झाली म्हणून त्यांनी डोळे मिटले.