चार नंबरचा लाडू

"आपल्या खरेदीत वशिला? नाव काढू नका!" असं नीळकंठराव छाती ठोकून सांगायचे. इंदापूरकडच्या एका साखर कारखान्याचे ते खरेदी अधिकारी. यंदा वार्षिक सभेचे लाडू ठेकेदाराऐवजी गावच्या बायकांच्या बचत गटांकडून घ्यायचं ठरलं आणि त्यात एक गट निघाला खुद्द त्यांच्या बायकोचा, विमलताईंचा!

दुसरा कुणी गुपचूप बाजूला झाला असता. पण हात दाखवून अवलक्षण करायची यांना भारी हौस! ताटल्यांना नुसते नंबर लावले, नावं क्लार्क सुकन्याच्या कपाटात बंद केली आणि चव घ्यायला स्वतःच बसले.

बसले खरे, पण जीव थाऱ्यावर कुठला? चुकून बायकोलाच जास्त मार्क पडले तर? नोकरी जाईल, गावभर छी-थू होईल! उठत होते, बसत होते, घटाघटा पाणी पीत होते.

चार नंबरचा लाडू तोंडात टाकला आणि दचकलेच. जायफळ! बेसनाच्या लाडवात एवढं जायफळ विमलशिवाय कोण घालतंय? सापडली! त्यांनी डोळे मिटून दिला भोपळा. दोन नंबरचा लाडू साधा, गरीब. त्याला दहापैकी दहा!

सुकन्यानं सगळ्यांसमोर नावं वाचली. दोन नंबर विमलताईंचा. आणि चार नंबर संचालक हिंदुरावांच्या मंडळींचा!

हिंदुराव ताडकन उठले. "वा रं न्याय! सोताच्या बायकूला धा आन् आमाला भोपळा? घरीच बसवतो तुमाला!"

"आवो, ऐका तरी!" नीळकंठरावांना दरदरून घाम फुटला. "चार नंबर मला हिचा वाटला, म्हणून तर भोपळा दिला! शपथेवर सांगतो!"

मग हिंदुरावच पोट धरून हसायला लागले. "मंजी बायकूला पाडायला बसला हुता व्हय! सोडा ह्यांना. चव दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या."

नोकरी वाचली! नीळकंठराव हुश्श करून वळले, तर मागं विमलताई उभ्या.

"तुमच्यावर बालंट नको, म्हणून म्या औंदा जायफळच घातलं न्हाय. आन् तुमी मला भोपळा देत हुता?"

घरी जेवायला बसले, तर ताट रिकामं.

"आगं, भाकरी?"

"टेंडर काढा," विमलताई आतूनच म्हणाल्या. "आन् आमचा गट भरनार न्हाय!"