खुराड्याच्या दाराची अडचण

लहानपणी घड्याळ उघडणारे मूल मोठेपणी सॉफ्टवेअरमध्ये जाते, हे आता सर्वमान्य आहे. (उघडलेले घड्याळ परत जोडणारी मुले घड्याळजी होतात. त्यांना पगार कमी असतो.)

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या हॉर्शम गावात याचे उत्तम उदाहरण म्हणजे शेजारच्या नोलीनबाईंचा डार्सी. गवत कापायच्या जुन्या मशीनची चाके काढून त्याने फळ्यांची गाडी केली, पोपटांसाठी घर केले (पोपट आले नाहीत, पोसम नावाचे झाडावरचे जनावर राहायला आले), आणि दहाव्या वर्षी आईच्या कोंबड्यांसाठी खुराडे बांधले. खुराडे इतके भक्कम झाले की पोराच्या उपजत आवडीबद्दल कोणाला शंका उरली नाही. त्या आवडीला योग्य वाव मिळावा म्हणून त्याला मेलबर्नला पाठवून खुर्चीवर बसवण्यात आले.

गेली पंधरा वर्षे तो तिथे बांधतो आहे. काय, ते नोलीनबाईंनी एकदा विचारले. त्याने फोनच्या कोपऱ्यातली इवलीशी घंटा दाखवली. पूर्वी ती जरा चौकोनी होती, आता गोल आहे. (सहा माणसे, चार महिने.)

"गोड आहे रे. वाजते का?"

"वाजणं दुसऱ्या टीमकडे असतं, आई."

या वसंतात खुराड्याच्या दाराची बिजागरी निखळली, आणि नेमका तेव्हाच गावात कोल्हा फिरू लागला. नवरा गेल्यापासून नोलीनबाईंना घरात बोलायला त्या सात कोंबड्याच होत्या. त्यांनी घाईने डार्सीला बोलावून घेतले.

"दोन स्क्रू आहेत रे बाळा. अंधार पडायच्या आत बसव."

"आई, स्क्रू हे उत्तर झालं. आधी प्रश्न काय आहे ते तर ठरवू!"

कोंबड्यांना दार नेमके कशासाठी हवे असते, याचा त्याने तासभर अभ्यास केला. मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या लागल्या. दुपारी निष्कर्ष निघाला : अडचण दाराची नसून माहितीची आहे, कोल्हा आला तरी आईला ते कळणार कसे? मी स्क्रूड्रायव्हर घेऊन कुंपणापाशी उभा होतो, पण जाणकारांच्या कामात लुडबुड करणे माझ्या स्वभावात नाही.

संध्याकाळपर्यंत ॲप तयार झाले आणि खुराड्यावर कॅमेरा बसला. (दोन स्क्रूंनी.)

सूर्य मावळताच नोलीनबाईंचा फोन वाजला : 'कोल्हा आला आहे.' डार्सीने आनंदाने टेबलावर मूठ आपटली. एका सेकंदाचाही उशीर झाला नव्हता.

नोलीनबाई धावल्या. आम्ही पोचलो तेव्हा त्या मूठभर पिसे घेऊन दारात उभ्या होत्या. सातांतली एकही उरली नव्हती. मला बघवले नाही.

"हे खुराडं तूच बांधलं होतंस ना रे?" त्यांनी विचारले.

डार्सीने निखळलेली बिजागरी जागेवर लावून पाहिली.

"तेव्हा मला येत होतं, आई."

ॲप आता चाळीस हजार लोक वापरतात. त्यांत कोंबड्या पाळणारे फार थोडे, आणि नोलीनबाई तर नाहीतच.

हसू नका. कुठे ना कुठे कोल्हा आल्याचे तुमच्याही फोनवर रोज वेळेवर कळते. तुम्ही त्याखाली रडक्या चेहऱ्याचे चित्र टाकता आणि दार तसेच उघडे ठेवून पुढचे वाचायला घेता.