दहा सेंटिमीटर पुढे आलेली भिंत

मिस्त्रींनी शिल्पाचं एक टोक भिंतीला लावलं, दुसऱ्या टोकाकडे गेले आणि पाहतात तर काय! हे टोक भिंतीला टेकतच नव्हतं. मधे चांगली दहा सेंटिमीटरची फट, आणि उद्या अकराला उद्घाटन!

कॉलेजच्या कलासंग्रहालयात मिस्त्री तीस वर्षं सुतारकाम करत होते. किती पुतळ्यांखाली त्यांचे चौथरे गेले याची गणतीच नाही, पण पाटीवर नाव नेहमी दुसऱ्याचं. यंदा मात्र शिल्पकार बाईंनी शब्द दिला होता, "मिस्त्री, लाकूड तुम्ही कापताय ना? मग पाटीवर तुमचंही नाव येणार." ही गोष्ट मिस्त्रींनी घरी सांगितली, शेजारी सांगितली, नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही सांगितली. बायकोनं तर उद्घाटनासाठी ठेवणीतले कपडे इस्त्री करून आणले.

शिल्प म्हणजे एका अखंड ओंडक्यातून निघालेली लांबच लांब लाट. बाईंनी ती खास याच दालनासाठी योजली होती. अट एकच, दोन्ही टोकं दोन्ही भिंतींना टेकली पाहिजेत आणि लाकडाला कुठेही जोड नको.

सगळा घोटाळा टेपनं केला. मिस्त्रींच्या टेपचे पहिले दहा सेंटिमीटर कधीच तुटून गेले होते. मापताना दहा वजा करायचे आणि कापताना दहा मिळवायचे, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं की नवी टेप घ्या म्हटलं तर म्हणायचे, "हिला काय धाड भरलीये? चांगली चालतेय की!" पण त्या दिवशी कापताना डोक्यात पाटी. आडनाव पूर्ण लिहितील, की नुसतं पहिलं अक्षर? या विचारात दहा मिळवायचे राहूनच गेले.

घरी ते ताटातला भात नुसता चिवडत बसले. बायकोनं खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलले.

"म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीसारखंच झालं की!" बायको म्हणाली. तीही फळी अशीच आखूड. तिच्या फटीतून वीस वर्षं चमचे खाली पडत होते. "आता काय करणार? भिंत थोडीच उठून पुढे येणारे?"

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. दालनातली ती एक भिंत प्लायवूडची होती आणि त्यांनी स्वतःच उभी केली होती.

"का नाही येणार? आणली की येईल!" असं म्हणून त्यांनी दोन घास जास्तच खाल्ले.

सकाळी सातला ते दालनात हजर. वॉचमनला हाताशी घेतलं, भिंत सोडवली आणि दहा सेंटिमीटर पुढे आणून पक्की ठोकली. टोक आता असं टेकलं की मधून कागद जाईना. मिस्त्री खूश झाले.

"मिस्त्री, दार उघडत नाहीये," वॉचमन म्हणाला.

भिंत दाराच्या चौकटीवर चढली होती आणि दोघंही आत होते.

"मग दारच काढू. त्यात काय!"

बिजागऱ्या खोलून दार वर्कशॉपमध्ये गेलं. मग लक्षात आलं, की दिव्यांची बटणं भिंतीमागे गेलीत.

"खिडक्या उघड. शिल्पाला बाहेरचाच उजेड चांगला," मिस्त्री म्हणाले, जणू सगळा जन्म शिल्पकलेतच गेला होता.

दहाला बाई आल्या आणि उंबरठ्यावरच थबकल्या.

"इथे दार होतं ना?"

"होतं."

"आणि चौकट? ती भिंतीत कशी गेली?"

मिस्त्रींना खोटं बोलता येत नसे. त्यांनी खिशातून टेप काढून पुढे केली. बाईंनी ती उलगडली. पहिलाच आकडा दहा. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, आणि शिल्पाजवळ लावलेली पाटी काढून घेऊन निघून गेल्या.

मिस्त्री स्टुलावर मटकन बसले. तीस वर्षांत एकदाच नाव लागणार होतं आणि तेही आपल्याच हातानं घालवलं, या विचारानं त्यांना रडू यायचंच बाकी राहिलं.

अकराला प्राचार्य आले. ते अंगानं भरभक्कम, त्यामुळे आडवे होऊन शिरतानाही मधेच अडकले. वॉचमननं मागून अत्यंत आदरानं ढकललं.

"दालन लहान झालंय का हो?" प्राचार्यांनी विचारलं.

"नाही सर, शिल्प मोठं आहे," वॉचमन म्हणाला.

मागोमाग मिस्त्रींची बायको आली आणि तिच्या मागून हातात नवी पाटी घेऊन बाई.

"जागेसाठी शिल्प करणं हे माझं रोजचंच काम आहे," बाई सगळ्यांना म्हणाल्या. "पण शिल्पासाठी जागा करणारा माणूस मला आज पहिल्यांदा भेटला!"

त्यांनी पाटी लावली. वरच्या ओळीत 'शिल्प', पुढे बाईंचं नाव. खालच्या ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, 'जागा', आणि पुढे मिस्त्रींचं नाव, अख्ख्या आडनावासकट.

मिस्त्रींना समोरचं धूसर दिसू लागलं. बायकोनं पाटी तीनदा वाचली, डोळे पुसले आणि त्यांच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,

"अहो, आता आपल्या स्वयंपाकघरातली भिंत कधी पुढे आणताय?"